वेखंड : कुंडीत हवे, गुटीत नको

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



बाळाची वाचा स्पष्ट व्हावी म्हणून आपल्याकडे गुटीत वेखंड उगाळतात. संस्कृतात त्याचे नावच 'वचा'. आपले तेलुगू शेजारी त्याला 'वस' म्हणतात आणि बडबड्या माणसाला 'वसपिट्टा'. म्हणजे आदिलाबादेत हा विषय दोन्ही भाषांच्या घरांचा आहे.

वेखंड पाणथळ जागी वाढते आणि वर्षानुवर्षे टिकते. पाने तलवारीसारखी, चुरडली की उग्र वास. बाजारातला वाळका तुकडा रुजत नाही; कोंब असलेला ओला कंद आणा. पावसाळ्याच्या सुरुवातीला टबात काळी माती भरून दोन बोटे खोल लावा. माती चिखलासारखी ओली ठेवा, पण वर पाणी साचू देऊ नका, डास होतात. साधारण वर्षाने पाने पिवळी पडली की कंद काढून, धुऊन, सावलीत वाळवा. कपड्यांच्या पेटीत आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवा, कसर लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने आतड्यात गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. तिकडच्या मूळ जातीत हे द्रव्य नसते. आपल्या भारतीय वेखंडात ते भरपूर असते.

'आमच्या आजीने दिले, आम्हाला काही झाले नाही,' असे कुणी म्हणेल. पण सहाणेवरचा वेढा हे माप नव्हे. हात जड पडला, कंद तेज निघाला, तर तान्ह्याला उलट्यांवर उलट्या होतात. वैद्य वेखंड शुद्ध करून, मोजून देतात. तो त्यांचा अधिकार. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच पुरे.

कंद हाताळल्यावर हात धुवा. डब्यावर नाव लिहा, तो मुलांच्या हाती लागू देऊ नका. पूड बाळाच्या नाकाजवळ उडवू नका. पोटात गेलेच तर घरगुती उपाय न करता 108 ला फोन करा आणि तो तुकडा दवाखान्यात सोबत न्या.

मूल बोलायला शिकते ते कानावर पडणाऱ्या शब्दांनी. त्याच्याशी घरात मराठी बोला, अंगणात तेलुगू बोला. त्याची वाचा आपोआप फुटेल.

गणपती बाप्पा मोरया!