गाडीतून उतरल्यावर



मी याच शाळेतून १९९० साली दहावी झालो. तेव्हा हे व्यासपीठ नव्हतं. पटांगणात बाकं जोडून त्यावर सतरंजी टाकायचे आणि स्नेहसंमेलन तिथेच व्हायचं. आज मला या स्नेहसंमेलनाला बोलावलंत, यापेक्षा मोठा मान मला ट्रॅकवर कधी मिळाला नाही.

मघाशी सहावीच्या मुलांनी पुठ्ठ्याची रेसिंग कार करून नाच सादर केला. मी ती गाडी बारकाईनं बघत होतो. त्यांनी चारही चाकं अंगाबाहेर काढली होती आणि ड्रायव्हरचं डोकं वर उघडं ठेवलं होतं. ज्या कुणी ती बनवली त्यानं नीट बघून बनवली आहे, कारण फॉर्म्युला गाडी तशीच असते. एकच सीट. चाकांवर पत्रा नाही, मडगार्ड नाही. आपल्या रस्त्यावरच्या गाड्या एकमेकींना घासल्या तर रंग जातो. या गाड्यांत पुढच्याच्या मागच्या चाकाला मागच्याचं पुढचं चाक लागलं, तर फिरतं टायर फिरत्या टायरवर चढतं आणि गाडी हवेत जाते. आणि तरी हे लोक वितभर अंतर ठेवून ताशी अडीचशे किलोमीटरनं शेजारीशेजारी वळतात. माझं निम्मं आयुष्य अशा गाड्यांच्या खाली झोपून गेलं. मी ड्रायव्हर नाही, मेकॅनिक आहे. ड्रायव्हर गाडीत बसताना आणि गाडीतून उतरल्यावर कसा असतो हे मी फार जवळून पाहिलंय, तेवढंच आज सांगणार आहे.

वेगाचं वेड मला आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेनं लावलं. होम मैदानावर मौत का कुआ लागायचा. लाकडी फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकलवाला गोल फिरत फिरत भिंतीवर चढायचा आणि कठड्यावरून लोकांनी धरलेल्या नोटा हातानं घ्यायचा. मी घरी येऊन वडिलांना विचारलं, तो पडत कसा नाही? वडील मागावर काम करायचे. ते म्हणाले, तो थांबला की पडेल. फॉर्म्युला गाडीचं सगळं शास्त्र याच्या फार जवळचं आहे, हे मला दहा वर्षांनी कळलं. विहिरीत वेग माणसाला भिंतीवर दाबून धरतो. रेसच्या गाडीला पुढे-मागे जे पंख असतात ते विमानाच्या उलटे बसवलेले असतात, म्हणून वारा गाडीला जमिनीवर दाबतो. त्यामुळे काही वळणं अशी असतात की भिऊन वेग कमी केला तर दाब कमी होतो आणि गाडी घसरते. अशा वळणावर पाय न उचलणं हे धाडस नसतं. शेकडो वेळा ते वळण घेऊन शरीराला पटवून दिलेली ती गोष्ट असते.

दहावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं आणि जुन्या पुणे नाक्याजवळच्या एका गॅरेजात लागलो. उस्तादांनी मला मारुती ८०० चं इंजिन डोळे मिटून खोलायला शिकवलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. त्याच इंजिनानं मला कोइंबतूरला नेलं. तिथे एस. करिवर्धन नावाचा एक विलक्षण माणूस होऊन गेला. परदेशी फॉर्म्युला गाडी भारतात कुणाला परवडणार, म्हणून त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चंच इंजिन घेऊन भारतीय सिंगल सीटर गाडी उभी केली. रस्त्यावर भाजी आणायला जाणारं इंजिन पाठीमागे बसवलेली रेसिंग कार! मी १९९६ ला पोचलो तेव्हा ते नव्हते, आदल्या वर्षीच विमान अपघातात गेले होते. पण त्यांच्या गाड्या होत्या. कोइंबतूरच्या ट्रॅकला आज करी मोटर स्पीडवे हे त्यांचंच नाव आहे. नरेन कार्तिकेयन याच गाड्यांवर शिकला आणि २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय झाला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला. टायरच्या वादामुळे त्या दिवशी फक्त सहा गाड्या धावल्या, हे खरं. पण त्या सहात तो होता आणि त्यानं गाडी शेवटपर्यंत नेली.

आता मी तुम्हाला एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो आता रेसिंगमध्ये नाही आणि त्याला विचारल्याशिवाय सांगणं बरं नव्हे. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. सरावाच्या पहिल्याच फेऱ्यांत तो एका वळणावर सरळ टायरच्या भिंतीत गेला. गाडी ओढून आणली. पुढचं नाक गेलेलं, डावीकडचं चाक धरून ठेवणारा विशबोन वाकलेला. तेव्हा आमच्या गाडीत नोंद ठेवणारं कुठलंच यंत्र नव्हतं. काय झालं हे फक्त त्याला माहीत होतं. आमच्या टीमच्या मालकांनी त्याला विचारलं, ब्रेक लागले नाहीत का?

बाळांनो, तो प्रश्न नव्हता, ती पळवाट होती. मालकांनी प्रेमानं दिलेली. ब्रेकचं काम माझ्याकडे होतं. तो 'हो' म्हणाला असता तर त्याच्यावर काही आलं नसतं आणि माझी नोकरी गेली असती. त्यानं हेल्मेट काढलं. घामानं केस चिकटलेले. तमिळ-हिंदी मिसळून तो म्हणाला, ब्रेक चांगले होते, मी उशिरा दाबले.

रात्रभर आम्ही ती गाडी बांधली. कुणी एक शब्द कुरकुरलं नाही.

पुढच्या वर्षी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तोच मुलगा सरावात दोन फेऱ्या मारून आत आला. म्हणाला, मागे उजवीकडे काहीतरी हलतंय. आम्ही गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून पाहिलं, काही नाही. बाकीचे म्हणाले, ट्रॅक खडबडीत आहे, वाटलं असेल. रेसला अर्धा तास होता. दुसरा कुणी असता तर मीही तसंच म्हटलं असतं. पण याच्या बोलण्यावर माझा विश्वास आदल्या वर्षीच बसला होता. मी चाक ज्यावर बसतं तो हब खोलला. त्याला केसाएवढी चीर गेली होती. ती रेस त्याला चुकली, पण भर वेगात चाक निखळलं असतं ते वाचलं.

चांगला ड्रायव्हर गाडी बुडानं ऐकतो, असं आम्ही म्हणतो. सीट त्याच्या अंगाच्या मापानं ओतलेली असते, त्यामुळे गाडीचा प्रत्येक थरकाप पाठीतून कळतो. मात्र कळलेलं जसंच्या तसं सांगणं ही वेगळी विद्या आहे. आज गाडीत शेकडो सेन्सर असतात. ब्रेक किती दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, सगळ्याच्या रेषा संगणकावर उमटतात आणि सोबत्याच्या रेषांवर ठेवून तपासल्या जातात. खोटं बोलायला जागाच नाही. तरीही रेषेला फक्त काय झालं ते दिसतं, का झालं ते ड्रायव्हरलाच सांगावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रातून या वाटेनं सर्वांत दूर गेलेला मुलगा म्हणजे मुंबईचा जेहान दारूवाला. जन्म १९९८ चा. मुंबईत रायोमंद बनाजी यांच्या हाताखाली कार्टिंग शिकला. २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघानं देशभर चाचण्या घेऊन तीन मुलं निवडली, त्यात हा होता. तेवढ्या लहान वयात तो युरोपात गेला. परका देश, परकं जेवण, हॉटेल ते ट्रॅक आणि ट्रॅक ते हॉटेल. आधी कार्ट, मग फॉर्म्युला रेनॉ, मग फॉर्म्युला थ्री. २०१७ ला न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. २०२० ला तो फॉर्म्युला टूमध्ये पोचला, म्हणजे फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यावर. तिथे सगळ्यांची गाडी आणि इंजिन एकाच प्रकारचं असतं. माझी गाडीच हळू होती, असं म्हणायची सोय फारशी उरत नाही. पॉवर स्टिअरिंग नसतं. वळणावर मान बाहेर फेकली जाते तेव्हा डोकं आणि हेल्मेट मिळून मानेवर २५ किलोच्या आसपास भार येतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा एक कट्टा मानेनं तोलायचा, दर वळणाला, तासभर. आपल्याकडे यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलणारे मानकरी संक्रांतीच्या आधी किती दिवस सराव करतात हे तुम्ही पाहता. मिरवणुकीच्या दिवशी लोकांना काठी डौलानं चालताना दिसते. कंबर कुणी पाहत नाही.

२९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनच्या साखीर ट्रॅकवर रोमँ ग्रोजाँ या ड्रायव्हरची फॉर्म्युला वन गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली. अर्ध्या मिनिटाच्या आत तो ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. डोक्याभोवतीची हेलो नावाची टायटॅनियमची कमान, आगीत टिकणारा सूट, धावत आलेले डॉक्टर आणि मार्शल, या सगळ्यांनी तो वाचला. बरोबर एका आठवड्यानं, ६ डिसेंबरला, त्याच ठिकाणी जेहाननं फॉर्म्युला टूची रेस जिंकली. फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा तो पहिला भारतीय. आठवड्यापूर्वी जिथे आग पाहिली, तिथेच ही बावीस वर्षांची पोरं पुन्हा पट्टे आवळून बसली होती. तिथे आपलं राष्ट्रगीत वाजलं तेव्हा मी घरी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो.

इथे नववी-दहावीची काही मुलं मागच्या रांगेत आहेत, त्यांना एक सांगतो. होटगी रोडवर रात्री बाइक पळवणाऱ्याला कमान नाही, सूट नाही, धावत येणारा मार्शल नाही. समोरून दूधवाला येतो. त्याला रेसिंग म्हणू नका. माझ्या उस्तादांचा मुलगा असाच गेला.

जेहान पुढे २०२२ ला मोंझाला फॉर्म्युला टूची मुख्य रेस जिंकला. त्याच वर्षी मॅकलरेन संघानं त्याला सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनची गाडी चालवायला दिली. चार मोसम तो फॉर्म्युला टूमध्ये झुंजला. फॉर्म्युला वनची जागा मात्र मिळाली नाही. जगात तेव्हा त्या जागा वीसच होत्या. २०२४ च्या मोसमात तो मासेराटी संघाकडून फॉर्म्युला ईमध्ये, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत उतरला. काही लोक म्हणाले, पोचला नाही. मला हे ऐकून राग येतो. जगातल्या सर्वांत वेगवान माणसांत इतकी वर्षं टिकून राहणं याला पोचणंच म्हणतात. गेल्या काही वर्षांपासून बंगळुरूचा कुश मैनी त्याच दारावर उभा आहे. २०२५ मध्ये मोनाकोला फॉर्म्युला टूची स्प्रिंट रेस त्यानं जिंकली.

पालकांशी मला खोटं बोलायचं नाही. हा खेळ फार महाग आहे. टायर, इंजिन, प्रवास, प्रत्येक दिवसाचे पैसे. परदेशातला एक मोसम करोडोंत जातो, आणि प्रायोजक मिळाला नाही म्हणून थांबलेली गुणी मुलं मी मोजू शकणार नाही इतकी पाहिलीत. यंत्रमागावर, विडी कारखान्यात काम करणाऱ्या घरातल्या मुलाला आज ही वाट जवळजवळ बंद आहे, आणि ती उघडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक उभा राहिला, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला. ट्रॅक जवळ असला की मुलं उभी राहतात. एका साध्या कार्ट ट्रॅकला लागते तेवढी मोकळी जागा सोलापूरला नाही, असं कुणी म्हणू नये.

मुलींनो, पुण्याच्या डायना पंडोल पूर्वी शिक्षिका होत्या. दोन मुलांची आई. २०२४ मध्ये त्यांनी कार रेसिंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांची गाडी फॉर्म्युला नव्हती, सलून गटातली होती. पण ब्रेक उशिरा दाबला की ती गाडीही भिंतीतच जाते.

आणि गाडीत एकच माणूस बसत असला तरी तिच्याभोवती वीस-पंचवीस जण उभे असतात. तिथे जागा आहेत. आपल्या सोलापुरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना आहे, इथे घडलेले कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींत फिरतात. इंजिनाचा श्वास कधी आत जायचा आणि कधी बाहेर यायचा हे ठरवणारा भाग आपल्या गावात तयार होतो, आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो हातात धरलेला नाही.

म्हणून मी एक गोष्ट सोबत आणली आहे. विज्ञान प्रयोगशाळेच्या मागच्या टेबलावर मारुती ८०० चं एक जुनं इंजिन ठेवलंय. मुख्याध्यापकांनी ते शाळेत ठेवून घ्यायला परवानगी दिली, त्यांचे आभार. मी सोलापुरात चार दिवस आहे. उद्या सकाळी आठ वाजता ज्यांना यायचं त्यांनी जुने कपडे घालून या. पाने मी आणतो. आधी खोलू, मग जोडू. जोडून झाल्यावर एखादा नट टेबलावर उरला, तर तो कुणाचा ते त्यानं सांगायचं, आणि आपण सगळे मिळून पुन्हा खोलू.