झाडपाल्याचे औषध आणि आपली जबाबदारी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वैद्यकी हा आमचा व्यवसाय नव्हे. परंतु ज्यांचे बालपण कोकणात गेले, त्यांना अडुळशाची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. गुरे त्याचा कडू पाला खात नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावीत, आणि खोकला झाला की त्याचीच पाने खुडीत. ताजी पाने नुसती पिळून रस फारसा निघत नाही. म्हणून ती ठेचून, गोळा करून, दुसऱ्या पानांत गुंडाळून निखाऱ्यात भाजीत व मग निघालेला रस मधातून देत. शास्त्रग्रंथांत यालाच पुटपाक म्हटले आहे. ज्या म्हातारीला अक्षरओळख नव्हती, तिच्या हातात तो विधी होता! पुढे याच पाल्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध रसायनशाळेत सिद्ध झाले.

सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि वैद्यकजगताचे लक्ष तिच्याकडे वेधले. (नावात सर्प असला तरी ती सर्पदंशावरचा उतारा नव्हे. साप चावल्यास मुळी उगाळीत न बसता रुग्णालय गाठावे, हे येथे स्पष्टच सांगतो.) सह्याद्रीतील नरक्याला घाणेरड्या वासामुळे कोणी विचारीत नसे. 1972 मध्ये त्यात कर्करोगावरील औषधांना उपयोगी पडणारे कॅम्प्टोथेसिन सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि पुढे ती झाडे तोडून नेणाऱ्यांची रीघ लागली.

परंतु आमची खरी चिंता वेगळी आहे. जुन्या जाणत्यांची विद्या नावांत नव्हती, ओळखीत होती. गुळवेलीचे हृदयाकृती पान पाहून ते थांबत नसत. सालीचा पातळ पापुद्रा सोलून पाहत, खोड आडवे कापून चाकाच्या आऱ्यांसारखी रचना तपासीत. आपणांकडे आज उरले आहे ते केवळ नाव. करोनाच्या साथीत घरोघर काढे उकळले गेले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण घेणाऱ्याला आपण काय घेतो हे खात्रीने सांगता येऊ नये, यातच सारे आले.

म्हणून आमची विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले उपचार लिहून काढावेत. वनस्पतीचे गावातले नाव, कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती व कोणाला देऊ नये, हे सर्व त्यात यावे. आणि सोबत पानाफुलासह वाळवलेली एक डहाळी कागदात दाबून पाठवावी. डहाळी नसेल तर टिपण अपुरे समजले जाईल. आलेली टिपणे जाणकार वैद्य व वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक यांना दाखविल्यावाचून छापू नयेत, असे आम्ही कार्यकारी मंडळाला सुचविले आहे.