जरासा वळलेला किरण



आज या कार्यक्रमात रंगमंचावर आलेल्या विद्यार्थ्यांच्या पोशाखांत पॉलिएस्टर नसलेला पोशाख शोधावा लागेल. आणि पॉलिएस्टरच्या सुताची ओळख सिल्वासात कुणाला करून द्यायला नको. मसाट, रखोली, सायली, नरोली या पट्ट्यात हे सूत घराघराला पगार देतं. इथे बसलेल्या कितीतरी मुलांचे आई-वडील टेक्श्चरायझिंगच्या मशीनवर पाळी करतात. म्हणून आजचं बोलणं त्या सुतापासूनच सुरू होतं.

पॉलिएस्टरचे चिप्स सुमारे २८० अंश सेल्सिअसला वितळवतात. तो रस बारीक छिद्रांतून बाहेर पडतो, गार होतो आणि मिनिटाला तीनेक हजार मीटर वेगाने बॉबिनवर गुंडाळला जातो. हे पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेलं सूत. पुढे ते ताणून, तापवून, पीळ देऊन डीटीवाय, म्हणजे टेक्श्चराइज केलेलं सूत, होतं. यात हीटरचं तापमान चुकलं, तर सूत हातात घेऊन काहीच कळत नाही. डेनियर (सुताची जाडी) तेवढाच, पांढरेपणा तोच. कळतं ते कापड रंगवल्यावर. एकसारख्या निळ्या थानात मध्येच एक फिकट पट्टा उठतो आणि शॉप फ्लोअरवर विचारणा सुरू होते: लॉट मिक्स झाला का?

पट्ट्याचं कारण धाग्याच्या पोटात असतं. पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या काही ठिकाणी शिस्तीत घट्ट बसलेल्या असतात, काही ठिकाणी सैल. घट्ट थर, सैल थर, पुन्हा घट्ट, अशी रचना धाग्याच्या लांबीत चालू राहते. एका जोडीची लांबी साधारण १० ते १५ नॅनोमीटर भरते, म्हणजे मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दहा-पंधरा. रंग शिरतो तो सैल भागात. हीटरने या थरांची मांडणी बदलली की रंगाची वाटही बदलते.

एवढं बारीक बघायचं कसं? साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसणं शक्यच नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला दिसेल, पण त्यासाठी धागा कापावा लागतो, अतिपातळ चकती करावी लागते आणि निर्वातात ठेवावी लागते. एवढं करून दिसतो तो एका ठिपक्याएवढा भाग. अख्खा धागा जसाच्या तसा ठेवून, हवं तर तापवत आणि ताणत असतानाच, त्याची आतली मापं सांगणारी पद्धत वेगळी आहे. तिचं नाव स्मॉल अँगल स्कॅटरिंग, लघुकोन विकिरण.

पातळ ढगाआडून चंद्र दिसतो तेव्हा त्याला लागून एक रंगीत कडं उमटतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. ढगातले पाण्याचे थेंब मोठे असतील तर कडं लहान, थेंब बारीक असतील तर कडं मोठं. थेंब कुणी मोजत नाही. प्रकाश किती वळला त्यावरून त्यांचं माप काढता येतं. इथे चंद्राऐवजी क्ष-किरणांचा किंवा न्यूट्रॉनचा झोत असतो आणि ढगाच्या जागी आपला नमुना.

मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव नावाची अणुभट्टी आहे. ती ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम क्रियाशील झाली. क्षमता १०० मेगावॅट. भट्टीतून नळ्यांनी बाहेर आणलेल्या न्यूट्रॉनवर तिथे एक लघुकोन उपकरण चालतं. त्यात वापरल्या जाणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी तरंगलांबी ०.५२ नॅनोमीटर आहे. नमुन्यातली रचना १० नॅनोमीटरची असेल तर किरण वळतो जेमतेम ३ अंश. नमुन्यापासून १.८ मीटरवर डिटेक्टर असतो. तिथे हे वळण सरळ रेषेपासून साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. एवढ्याशा जागेत सगळं उत्तर दडलेलं. अकरावीच्या भूमितीने हे गणित सुटतं, आणि ते मुद्दाम सोडवून पाहावं.

या शास्त्राच्या पहिल्या पानांवर भारतीय नाव आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. सी. व्ही. रामन कलकत्त्यात काम करत होते त्या काळात, १९३० साली, तिथेच पी. कृष्णमूर्ती यांनी क्ष-किरण कार्बनच्या बारीक कणांतून पाठवले आणि मूळ झोताच्या अगदी जवळ पसरलेलं विकिरण नोंदवलं. निबंध छापला गेला इंडियन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये. हे नाव पाठ्यपुस्तकात यायला हवं.

त्याच दशकात पॅरिसमध्ये आंद्रे गिनिये एका जुन्या कोड्यामागे लागले होते. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये आढळलं होतं की तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम तापवून झटकन गार केलं की आधी मऊ असतं, आणि नुसतं ठेवून दिलं तरी काही दिवसांत आपोआप कठीण होतं. विमानं या धातूपासून बनू लागली, पण तो कठीण का होतो ते तीस वर्षं कळलं नव्हतं. गिनिये यांनी क्ष-किरणांचा अतिशय स्वच्छ, एकाच तरंगलांबीचा झोत तयार केला आणि १९३८ मध्ये त्यांना अंधुक रेघा दिसल्या. तांब्याचे अणू ॲल्युमिनियमच्या आत एकत्र येऊन काही नॅनोमीटर रुंदीच्या, अणूभर जाडीच्या चकत्या बनवत होते. धातू वाकवताना या चकत्या आड येतात. इंग्लंडमध्ये जी. डी. प्रेस्टन यांनाही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, तेच सापडलं. धातुशास्त्रात या चकत्यांना दोघांचं नाव आहे. लगेच पुढच्या वर्षी गिनिये यांनी लघुकोन विकिरणावरून कणाचं माप काढण्याचं सूत्र मांडलं. ते आजही रोज वापरलं जातं.

आता इथून जवळचं उदाहरण. सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. प्रताप बहादुर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्लुरॉनिक नावाच्या पॉलिमरवर वर्षानुवर्षं काम केलं. औषधांत वापरला जाणारा हा पदार्थ अजब आहे. त्यातल्या एका प्रकाराचं २० टक्क्यांचं द्रावण फ्रिजमध्ये पाण्यासारखं वाहतं आणि बाहेर उबेला काढलं की घट्ट जेल होतं! आपल्या अनुभवाच्या अगदी उलट. कारण असं, की या साखळीच्या मधल्या भागाला कोमट पाणी सोसत नाही. अनेक साखळ्यांचे मधले भाग एकत्र येऊन गाभा करतात, टोकं पाण्यात पसरतात आणि असे कण दाटीने रचले गेले की द्रव वाहायचा थांबतो.

हे कण मोजायला सुरतचे नमुने ट्रॉम्बेला गेले. तिथे पी. एस. गोयल आणि व्ही. के. अस्वल यांच्यासोबत मोजणी झाली. द्रावण साध्या पाण्यात न करता जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात, केलं जातं. न्यूट्रॉन अणुकेंद्रकावर आदळतो आणि साधा हायड्रोजन व जड हायड्रोजन त्याला पूर्णपणे वेगळे दिसतात. त्यामुळे जड पाण्याच्या पार्श्वभूमीवर पॉलिमर उठून दिसतो. द्रावण क्वार्ट्झच्या चपट्या कुपीत भरायचं, झोतात ठेवायचं आणि धीराने थांबायचं. तापमान वाढवल्यावर किंवा मीठ घातल्यावर काही प्लुरॉनिकचे गोल कण लांबट कांड्या होतात, हे अशाच मोजणीतून कळलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या पद्धतीत फोटो मिळत नाही. मिळते ती आलेखावरची एक उतरती रेघ. दोन वेगळ्या आकारांची रेघ जवळपास सारखी येऊ शकते, म्हणून रसायनशास्त्र नीट माहीत असलेला माणूस शेजारी लागतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची मुलं एका टेबलावर बसली तरच हे काम पुरं होतं.

आणि काम शिल्लक आहे, तेही आपल्याच दारात. आता जुन्या बाटल्यांपासूनही पॉलिएस्टर सूत निघतं. वितळवण्याच्या प्रत्येक फेरीत साखळ्या तुटून आखूड होत जातात. मग त्याच हीटरवर, त्याच वेगाला, घट्ट आणि सैल थरांची मांडणी नव्या चिप्सच्या सुतासारखीच राहते का? रंगाचा पट्टा तिथूनच येतो का? इथल्या एखाद्या कारखान्याच्या आणि इथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला हा प्रश्न आहे. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या यंत्राच्या क्ष-किरणांवर लघुकोन मोजणी होते, ट्रॉम्बेला न्यूट्रॉन आहेत. आणि विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना अणुऊर्जा विभागाच्या अशा सुविधा वापरता याव्यात म्हणून यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही संस्था आहे. शिक्षकाने विद्यार्थ्यासोबत बसून प्रस्ताव लिहायचा: काय मोजायचंय, का मोजायचंय, कोणत्या तापमानाला. सुरुवातीला लागतील दोन बॉबिन, एक नव्या चिप्सचा, एक बाटल्यांचा, आणि दोन्हींवर लॉट नंबर आणि हीटरचं तापमान लिहिलेली चिठ्ठी.