नाव नव्हे, नंबर

आमच्या घरी लिनक्सचे दोन संगणक आहेत. युनियनची वर्गणीवही जुन्यावर. नव्यावरून ती एनएफएसने जोडून घेतली, तर यादीत दिसे, पण उघडेना. 'परवानगी नाही!' दोन्हीकडे नाव तर आमचेच.

पण १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेली ही पद्धत साध्या मांडणीत नाव विचारीतच नाही, नंबर विचारते. गिरणीतल्या हजेरीबुकासारखेच म्हणा ना! दोन्ही यंत्रांना 'आयडी' हा हुकूम दिला. जुन्यावर आम्ही १०००, नव्यावर १००१. तेथले १००० म्हणजे चिरंजीव. कामगारांची वही त्यांना खुली, आम्हांला बंद! रूटची मिजासही चालेना. पलीकडचे यंत्र त्याला 'नोबडी' करून टाकते. नव्यावर नंबरांची अदलाबदल केली, तिथल्या फायलींची मालकीही बदलली, पुन्हा जोडले, वही उघडली.