बारा सीझन, सहा कप आणि मग राजीनामा

आजची गोष्ट फुटबॉलची आहे, पण मेसी-रोनाल्डो तिच्यात कुठेच नाहीत.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ग्रँथम नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे 'ब्रेदरन इन क्राइस्ट' या ख्रिस्ती पंथाने १९०९ साली सुरू केलेलं मेसाया कॉलेज. (२०२० पासून युनिव्हर्सिटी.) १९९७ मध्ये तिथल्या मुलांच्या टीमचा कोच झाला डेव्ह ब्रँट. ज्या लेटन शूमेकर सरांच्या हाताखाली तो याच कॉलेजात खेळला, त्यांचीच जागा त्याने घेतली.

पुढचं ऐका. २०००, २००२, २००४, २००५, २००६, २००८. सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद. बारा सीझनमध्ये!

आता तुम्ही म्हणाल, पैसा ओतला असेल, भारी प्लेअर उचलले असतील. इथेच तर गंमत आहे. ही टीम एनसीएएच्या डिव्हिजन थ्री मध्ये खेळते, आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायलाच बंदी आहे. म्हणजे मुलगा कितीही भारी असू दे, खेळतो म्हणून फीमध्ये एक डॉलरही सूट नाही. तरी मुलं यायची. ब्रँट त्यांना छोटे छोटे पास देत बॉल आपल्याकडे ठेवायला शिकवायचा. लांब किक मारून देवावर हवाला, हा प्रकार नाही. चर्चच्या कॉलेजात तरी निदान तो चालला असता, नाही का?

पण मला अडकवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. श्रद्धाळू माणसाने जिंकायची एवढी भूक ठेवावी का? प्रार्थना समोरची टीमही करतेच की. मेसायाच्या फुटबॉलवर 'द मेसाया मेथड' नावाचं पुस्तक आहे. त्यात सांगितलंय की हेतू जिंकण्यापेक्षा मोठा ठेवायचा. मला आधी ही चलाखी वाटली. सतत जिंकणाऱ्याला असं बोलायला काय जातंय?

मी कॉलेजात गोलकीपर होतो. हरलो की आमचे सर परतीच्या बसमध्ये कुणाशी एक शब्द बोलायचे नाहीत, आणि जिंकलो की सगळ्यांना वडापाव. फायनलमध्ये माझ्या हातून बॉल सुटला, त्यानंतर मी ग्लोव्हज घातले नाहीत. गोल खाल्ल्याचं दुःख एवढं नव्हतं हो. ती बस आठवते अजून.

म्हणून ब्रँटचं पुढचं आयुष्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहावा कप जिंकल्यावर त्याने मेसाया सोडलं आणि नेव्हल अकॅडमीत, थेट डिव्हिजन वनमध्ये गेला. त्याच्या जागी ब्रॅड मॅकार्टी आला आणि मेसायाने २००९ आणि २०१० चे कपही उचलले! म्हणजे कोच गेला तरी टीम पडली नाही. स्वतःशिवाय सगळं नीट चाललंय हे लांबून बघायचं... सोपं नसणार ते. त्यानंतर तो पिट्सबर्ग रिव्हरहाउंड्स या प्रोफेशनल क्लबमध्ये गेला. तिथे मेसायासारखं काही जमलं नाही.

मग २०१८ पासून मिशिगनमधलं होप कॉलेज. पुन्हा ख्रिस्ती कॉलेज, पुन्हा डिव्हिजन थ्री, पुन्हा स्कॉलरशिप नसलेली मुलं.