मोजदाद आणि शुश्रूषा

गर्भाशय, पाळी, संततिनियमन हे विषय साहित्याच्या व्यासपीठावर अप्रशस्त होत असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझे भांडण जुने आहे, आणि ते आज मिटविण्याचा माझा विचार नाही. याच सभ्यतेच्या नावाने संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले भरण्यात आले, १९३४ साली डॉ. आंबेडकरांसारखे बॅरिस्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड व्हावयाचा तो झालाच. आणि १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाच्या साधनांची सोय सरकारने करावी असा जो ठराव आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात आणला, तोही सभागृहाने नामंजूर केला.

पुढे सरकारचे मत पालटले, परंतु ते बाईची प्रकृती पाहून पालटले नाही, धान्याच्या कोठाराचा हिशेब पाहून पालटले. १९५२ पासून कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय कार्य ठरले. १९७६ साली तर आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, आणि राष्ट्रपतींची संमती लाभली नाही एवढ्यामुळेच ते कायदा होता होता राहिले. कायद्यावाचूनही आणीबाणीत जी सक्ती झाली तिचा मार मुख्यतः पुरुषांना बसला, लोक चवताळले, आणि राज्यकर्ते त्यातून एवढेच शिकले की यापुढे पुरुषाच्या वाटेला जाऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील विवाहित जोडप्यांपैकी शेकडा अडतीसांत शस्त्रक्रिया बाईची झालेली आढळते. पुरुषाची, हजारात तीन!

बरे, जिची इतकी मोजदाद ठेवली तिच्या दुखण्याची विचारपूस तरी कोणी केली? डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जगापुढे मांडले की शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या शेकडा अवघ्या ८ आहेत.

आता बीडच्या ऊसतोड स्त्रियांची गोष्ट ऐका. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मुकादमाकडून दोघांच्या नावे घेतलेली, आणि एक दिवस चुकला की खाडा कापला जातो. पहाटेच्या अंधारात फडात उतरलेली बाई दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहते, रात्री कोपीत परतते तेथे ना न्हाणी ना पुरेसे पाणी. अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, तर गावी परतल्यावर ती खाजगी दवाखान्याची पायरी चढते, आणि कर्करोगाचे भय घालून साध्या औषधाने बऱ्या होणाऱ्या विकारासाठी तिची गर्भाची पिशवी काढली जाते. २०१९ मध्ये शासनाच्याच समितीने पाहणी केली तेव्हा बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यावर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून ही शस्त्रक्रिया करू नये असा हुकूम निघाला. हुकूम योग्यच, पण त्याने शस्त्र आवरले जाईल, रोग कसा बरा होईल, हे कोणत्याही दप्तरात नमूद नाही.

आम्हां लेखकांना मातृत्वाची स्तोत्रे गाताना शब्दांची कधी टंचाई भासली नाही. या बाईच्या ओटीपोटातील कळ मात्र आमच्या कथाकादंबऱ्यांतून क्वचितच उमटते, आणि आम्हीच गप्प म्हटल्यावर मंत्रिमहोदयांनी तरी का बोलावे?

म्हणून मी या संमेलनापुढे ठराव ठेवतो. हंगामाला निघण्यापूर्वी प्रत्येक ऊसतोड स्त्रीची तपासणी व औषधोपचार गावच्या उपकेंद्रात मोफत व्हावेत, हंगामात कारखान्याच्या तळावर स्त्री डॉक्टर असावी, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा कापणाऱ्या मुकादमावर कारवाई व्हावी. ज्यांना हा ठराव साहित्यबाह्य वाटतो त्यांनी उद्या वर्तमानपत्रांतून न लिहिता आत्ता, याच मंडपात उठून विरोध नोंदवावा.