दर टॅगमागे पाच सेंट

(ब्रिस्बेनला राहणारी आमची एक मैत्रीण सुट्टीत पुण्याला आली असताना मंडळाच्या बैठकीत बोलली. त्या भाषणाचे हे शब्दांकन.)

आजच्या बैठकीचा विषय वाचून काही जणी कपाळाला आठ्या घालूनच आल्या आहेत, हे मला इथून दिसतंय. मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी सरळच विचारलं, "बंदुकीचा खेळ खेळून तुम्ही मारहाण झालेल्या बायकांसाठी पैसे गोळा करता?" हो, करते. माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, फक्त तिच्या शब्दांत: "अगं, लाडू-चिवडा करून विक, भिशी लाव, हे काय भलतंच!" या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. म्हणून सगळी हकीगत सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आधी खेळ काय आहे ते सांगते. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आता मुलं हा खेळ खेळतात, पण आपल्यातल्या बऱ्याच जणींनी तो बाहेरूनच पाहिला असेल. अंधारी जागा, मध्ये आडव्यातिडव्या भिंती, वर चढायला उतार, हवेत थोडा धूर सोडलेला. अंगात एक जाकीट घालायचं. त्यावर छातीशी, खांद्यांवर, पाठीवर दिवे असतात. हातात जे असतं त्याला आमच्याकडे फेझर म्हणतात. त्यातून समोरच्याच्या दिव्यावर नेम धरायचा. नेम लागला की त्याचं जाकीट काही सेकंद बंद पडतं. याला टॅग म्हणतात. नाव लेझर असलं तरी नेम मोजण्याचं काम अवरक्त किरण करतात, म्हणजे आपला टीव्हीचा रिमोट जे करतो तेच. रंगीत रेघ दिसते ती डोळ्यांना दिसावी म्हणून. पळायचं नाही, एकमेकांना हात लावायचा नाही, फेझर दोन्ही हातांनी धरायचा, हे नियम.

हा खेळ फार जुना नाही. 'स्टार वॉर्स' हा सिनेमा १९७७ सालचा. तो पाहून जॉर्ज कार्टर नावाच्या अमेरिकन गृहस्थांना ही कल्पना सुचली आणि १९८४ साली त्यांनी डॅलसला 'फोटॉन' नावाची पहिली जागा उघडली. ऑस्ट्रेलियातही हे वेड लवकर आलं. आम्ही ज्या पद्धतीचे सामने खेळतो ती 'लेझरफोर्स' ही मूळची ब्रिस्बेनचीच कंपनी.

मी यात शिरले ती मुलीच्या वाढदिवसामुळे. वय त्रेचाळीस. एक मूल कमी पडत होतं म्हणून मला आत ढकललं. मी घरून पांढरा खादीचा कुर्ता घालून गेले होते. आत जांभळा अतिनील प्रकाश असतो आणि त्यात पांढरं कापड दिव्यासारखं लखलखतं, हे मला कोण सांगणार? आठ-आठ वर्षांच्या पोरांनी मला असं टिपलं की विचारू नका. बाहेर आले तेव्हा पोट धरून हसत होते. इतकी हसलेली मी मला आठवत नव्हते. पुढच्या मंगळवारी काळा सदरा घालून एकटीच गेले. मंगळवारी मोठ्यांचे सामने असतात.

सामन्यांचा खेळ मात्र पोरखेळ नाही. पंधरा मिनिटांचा डाव, दोन संघ, आणि प्रत्येकाला ठरलेलं काम. एक कमांडर. एक 'हेवी', त्याचा मारा जबर. स्काउट, तो चपळ, डाव रंगला की भराभर मारा करू शकतो. एक दारूगोळा पुरवणारा. आणि एक मेडिक. प्रत्येकाला ठराविक जीव आणि ठराविक गोळ्या मिळतात. मेडिकला जीव सर्वांत जास्त, गोळ्या सर्वांत कमी. ती दुसऱ्यांना जीव देऊ शकते, स्वतःला देऊ शकत नाही. तिचे संपले की संपले. आणि समोरचा संघ सगळ्यांत आधी शोधतो तो तिलाच.

तुम्ही हसताय! मी तीन वर्षं मेडिक होते. कोणी नेमलं नाही, पण दर वेळी नावं वाचताना माझ्यापुढे तेच यायचं. आमचा कप्तान चोवीस वर्षांचा, स्वभावाने गरीब. एकदा विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला सगळ्यांची काळजी घेणं छान जमतं." वीस वर्षं ताटं वाढल्यावर जमणारच! तालुक्याच्या चार संघांत मिळून आम्ही पाच बायका होतो आणि त्यातल्या चौघी मेडिक. हा काही कट नव्हता. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. लक्षात आलं ते आम्ही पाच जणी एकदा गाडी लावायच्या जागेत बोलत उभ्या होतो तेव्हा.

मग मी हेवी मागितलं. पहिले पाच सामने आम्ही माझ्यामुळे हरलो. हेवीला एका जागी पाय रोवून उभं राहावं लागतं आणि मुख्य म्हणजे ओरडावं लागतं. "डावीकडून दोन!" "वर एक!" न बोलणारा खेळाडू संघाला निरुपयोगी. माझ्या घरात बाईचा आवाज माजघराबाहेर जाऊ नये अशी शिस्त होती. माझ्या तोंडून आवाज निघेपर्यंत समोरचा येऊन गेलेला असायचा. मुलीने घरी सराव करून घेतला. मी स्वयंपाकघरातून ओरडायचं, तिने अंगणात ऐकायचं. शेजारच्या आजोबांनी दोनदा येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

आता पैशांची गोष्ट. आमच्या भागात एक महिला आधारगृह आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच. ऑस्ट्रेलियात अशा आधारगृहांची चळवळ सुरू झाली ती १९७४ साली. सिडनीच्या ग्लीब भागातली दोन रिकामी घरं अ‍ॅन समर्स आणि त्यांच्या मैत्रिणींनी ताब्यात घेतली आणि 'एल्सी' सुरू केलं. अशा घरांना सरकारी पैसा मिळतो, पण तो कधी पुरत नाही. आमच्या पाच जणींपैकी एक तिथे स्वयंसेवक होती. तिने कल्पना काढली: रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास सलग खेळायचं. वीस मिनिटांना एक डाव, म्हणजे छत्तीस डाव. चोवीस खेळाडू, आळीपाळीने. प्रत्येकाने ओळखीच्यांकडून वचन घ्यायचं, दर डावामागे एक डॉलर, नाहीतर दर टॅगमागे पाच सेंट.

मालकाने जागा फुकट दिली. रात्रपाळी करणाऱ्या दोन मुलांचा पगार आणि खाणं आम्ही प्रवेशशुल्कातून भागवलं, माणशी तीस डॉलर. हे मुद्दाम सांगते, कारण देणगीतून खर्च वजा करायचा नाही हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं आणि त्यावरून छापील सदऱ्यांचा बेत हाणून पाडला. दुसरं, तिकडे मान्यताप्राप्त संस्थेला दोन डॉलर किंवा जास्त दिले तर करात सूट मिळते, पण त्या पैशाच्या बदल्यात तुम्हाला खेळ, खाणं, सोडतीचं तिकीट असं काही मिळालं असेल तर नाही. म्हणून प्रवेशशुल्काचं पुस्तक वेगळं, देणगीचं वेगळं. गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं मी लहानपणी भरलेली आहेत, त्याचा इथे उपयोग झाला!

आमच्यातल्या एका मुलाने पत्रक तयार केलं. बाईची काळी आकृती, हातात फेझर, खाली 'प्रतिकार करा' अशा अर्थाचे दोन शब्द. मला ते फार आवडलं होतं. आपल्याकडच्या पोस्टर प्रदर्शनांची आठवण झाली. ते घेऊन मी आधारगृहाच्या कार्यकर्तीकडे गेले. तिने बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. म्हणाली, "हे नको." मी म्हटलं, हे खेळणं आहे, यात गोळी नसते. ती म्हणाली, "आमच्याकडे आलेल्या काही जणींच्या घरी बंदूक होती. ती कधी चालवावी लागली नाही. जेवणाच्या टेबलावर नुसती ठेवली तरी पुरायची."

शिवाय तिच्या आणखी अटी होत्या. संस्थेचा पत्ता, फोटो कुठेही नाही, कारण पत्ता गुप्त असल्यावरच ते घर चालतं. मोठा चेक हातात धरून फोटो नाही. कुठल्याही बाईची हकीगत सांगून पैसे मागायचे नाहीत, नाव बदलूनसुद्धा नाही.

मैत्रिणींनो, मी रागावले. खूप. पैसे आमचे, रात्र आमची जागून जाणार, आणि अटी यांच्या? त्यात, प्रतिकार करणारी बाई यांना चालत नाही म्हणजे काय? दोन आठवडे मी तिला फोन केला नाही. वर मुलांनीही तोंडं वाकडी केली: फोटो नाही, मग काय मजा!

पण ते टेबलाचं वाक्य काही डोक्यातून जाईना. ज्या देशात मी राहते तिथे १९९६ साली टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माणसाने पस्तीस जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर सरकारने कायदा कडक केला आणि सहा लाखांहून जास्त बंदुका लोकांकडून विकत घेऊन मोडून टाकल्या. आणि खेळण्याचं म्हणाल, तर १९८७ साली कॅलिफोर्नियात रात्री शाळेच्या आवारात हाच खेळ खेळणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाला पोलिसाने खरी बंदूक समजून ठार केलं. हे मला माहीत होतं. आम्ही नव्या खेळाडूंना सांगतोसुद्धा की रिंगणाबाहेर हे धरून फिरायचं नाही. तरी पत्रकावर ते चित्र पाहताना मला यातलं काहीच आठवलं नाही. मला फक्त मी दिसत होते, हेवी म्हणून उभी असलेली.

चित्र काढलं. पत्रकावर फक्त जाकिटाचे दिवे ठेवले, अंधारात चमकणारे. 'शूट', 'किल' हे शब्द त्या रात्रीपुरते बंद केले, टॅग म्हणायचं. पहाटे चारला जीव कासावीस झाल्यावर कोणाला भाषेचं भान राहतं? पण बहुतेकांनी पाळलं. त्या रात्री आमच्या पाचही जणींनी मेडिकचं काम घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग छत्तीस डाव पोरांनी आळीपाळीने मेडिक होऊन पाहिलं. आमचा कप्तान तिसऱ्या डावानंतर बाहेर येऊन मला म्हणाला, "माझ्याकडे कोणी लक्षच देत नाही, फक्त जीव मागायला येतात." मी त्याला पाणी दिलं.

वचनं होती नऊ हजार चारशे डॉलरची. महिनाभरात आले सहा हजार शंभर. बाकीच्यांना फोन कोणी करायचे? मीच केले. शेवटी आठ हजार सातशेवर थांबलो. सातशे डॉलर बुडाले ते बुडाले. एका स्काउट मुलाच्या काकांनी दर टॅगमागे पाच सेंट कबूल केले होते. त्यांना वाटलं, दहा-पंधरा डॉलर होतील. पोराने अठरा डावांत दोन हजार सहाशे टॅग केले. झाले एकशे तीस डॉलर. काका फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढं अचूक तो अभ्यासात का नसतो?" पण पैसे दिले.

पैसे कशासाठी, यावरून पुन्हा वाद झाला. खेळाडूंना वाटत होतं की मुलांसाठी मोठा टीव्ही घ्यावा, काहीतरी डोळ्यांना दिसेल असं. आधारगृहाने सांगितलं, टॅक्सीचं भाडं, साधे फोन, बदललेली कुलपं, नव्या घराची अनामत. आणि जमलं तर कशासाठी ते न लिहिताच द्या, कारण रात्री दोनला कोण काय घेऊन येईल हे आधी कळत नाही. आम्ही मत घेतलं. तेरा जण बिनशर्त द्यावे म्हणाले, नऊ टीव्हीच्या बाजूने, दोघे खुर्चीतच झोपले होते. त्या नवांतल्या दोघांनी पुढे खेळणं सोडलं. मला त्याचं वाईट वाटतं, पण मत पुन्हा घ्यावं असं वाटत नाही.

त्या कार्यकर्तीला मी एकदा विचारलं, तू खेळायला येशील का? नाही म्हणाली. तिला तो खेळ आवडत नाही, पैसे चालतात, एवढंच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पचवायला मला वेळ लागला. मघाच्या ताईंना मी हेच सांगेन की तुम्हाला हा खेळ आवडावा म्हणून मी आले नाही.

मी अजून मंगळवारी जाते. आता कामं चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि गेल्या महिन्यात माझ्या वाट्याला तीनदा मेडिक आलं, त्याला माझा इलाज नाही! पुढची रात्र ऑगस्टमध्ये आहे. या वेळी वचनं नाहीत, पैसे आधी घेणार आहोत. काकांनी मात्र कळवलंय की ते यापुढे टॅगमागे काही देणार नाहीत, डावामागे देतील.

आता तुमचे प्रश्न.